पक्षी दिसल्याचे इतरांना कळवताना ठिकाण किती नेमके सांगावे?

प्रश्न: खाडीकाठ (रत्नागिरी)

नमस्कार. मी नोकरीनिमित्त रत्नागिरीत राहतो आणि सवड मिळेल तेव्हा भाट्ये येथे, काजळी नदीच्या मुखाशी, पक्षी पाहायला जातो. आमच्या तालुक्यातील पक्षीनिरीक्षकांचा एक व्हॉट्सॲप गट आहे आणि त्यावर येणाऱ्या नोंदी दोन टोकांच्या असतात. काही जण "आज खाडीवर छान पक्षी दिसले" एवढेच लिहितात. त्यावरून पक्षी कोणता, खाडी कोणती आणि वेळ कोणती, यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही. काही जण मात्र नकाशावरची खूण, झाडाचे छायाचित्र आणि तिथवर नेणारी पाणंद असे सगळेच एका दमात देऊन टाकतात. मागच्या पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या एका घरट्याचे ठिकाण असे जाहीर झाले आणि पुढच्याच रविवारी ओढ्याच्या काठाला ट्रायपॉडची रांग लागली.

सध्या माझ्याकडे सांगण्यासारख्या दोन नोंदी आहेत. पहिली भाट्ये येथील: चिखलपक्ष्यांच्या (खाडीच्या चिखलावर चरणाऱ्या पाणथळ पक्ष्यांच्या) थव्यात बाकीच्यांहून बराच मोठा, छातीवर गडद ठिपके असलेला एक पक्षी दिसला आणि तो ग्रेट नॉट जातीचा चिखलपक्षी असावा असे मला वाटते. दुसरी तालुक्यातील एका गावातील: पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडांची जोडी एका खाजगी आगरातील उंच झाडावर काटक्या नेताना दिसली. दोन्ही नोंदी गटावर द्याव्यात का, आणि दिल्यास प्रत्येकीत काय लिहावे व काय लिहू नये? मला पक्षी दाखवणाऱ्या ज्येष्ठ मंडळींनी कधी हात आखडता घेतला नाही, त्यामुळे आता माहिती राखून ठेवणे कृतघ्नपणाचे वाटते. पण सर्व काही सांगून टाकणेही बरोबर वाटत नाही.


उत्तर: सुरूबन (दापोली)

आपण दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यात हे चांगले झाले, कारण ठिकाण किती नेमके सांगावे याचा निकष त्या दोघींतून आपोआप स्पष्ट होतो. बहुतेक जण पक्षी किती दुर्मीळ आहे हे पाहून ठरवतात आणि तिथेच गल्लत होते. पाहायचे ते असे, की पक्षी त्या जागेला बांधलेला आहे की नाही. पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटला गेलेला मास्क्ड बूबी हा समुद्रपक्षी कितीही दुर्मीळ असला तरी तो उद्या तिथे असेलच असे नाही. त्याची बातमी नेमकी आणि ताबडतोब द्यावी. उलट एखादा अगदी ओळखीचा पक्षी घरट्यावर बसला असेल, तर त्याला उठून दुसरीकडे जाण्याची मुभा नसते. धनेशाच्या बाबतीत तर मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिचे व पिल्लांचे पोट एकट्या नरावर अवलंबून असते; झाडाखाली माणसे उभी राहिली की नर फळे घेऊन दूरच्या फांदीवर ताटकळत राहतो. समुद्री गरुड तर तेच घरटे वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतात, म्हणजे एकदा फुटलेले ठिकाण पुढच्या हंगामातही फुटलेलेच राहते. तेव्हा ग्रेट नॉटची नोंद आपण मोकळेपणाने द्यावी आणि गरुडांच्या घरट्याचा गटावर उल्लेखही करू नये. "रत्नागिरी तालुक्यात समुद्री गरुडांची जोडी दिसली" एवढे पुरेसे आहे, आणि त्यातही काटक्यांचा भाग गाळावा, कारण काटक्या म्हटले की चाणाक्ष माणूस झाड शोधायला निघतो.

आता चिखलपक्ष्यांची नोंद नीट कशी लिहावी हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या किनाऱ्यावर बहुतेक नोंदी इथेच निकामी ठरतात. भरती-सुकतीचा (भरती-ओहोटीचा) उल्लेख नसलेली किनाऱ्यावरची नोंद वाचणाऱ्याच्या फारशा उपयोगाची नसते. सुकतीला हे पक्षी खाडीभर उघड्या पडलेल्या चिखलावर विखुरतात, आणि भरती चढू लागली की हळूहळू मागे सरकत एखाद्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने गोळा होतात. म्हणजे सकाळी आठ वाजता आपल्याला जिथे थवा दिसला तिथे आठवड्याने सकाळी आठ वाजता जाणाऱ्याला नुसते पाणी दिसेल, कारण भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आपल्याकडे जुनी माणसे तिथीच्या अंकाची पाऊणपट करून पूर्ण भरतीची ढोबळ वेळ काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब आजही कामाला येतो. खात्रीसाठी भरतीचे तक्ते आहेतच. नोंदीत घड्याळाची वेळ लिहावी आणि तिच्या जोडीला "पूर्ण भरतीच्या एक तास आधी" असे लिहावे. उधाण (अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती) होते की भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती), हेही लिहिता आले तर फारच उत्तम, कारण उधाणाच्या भरतीला नेहमीच्या विसाव्याच्या जागा पाण्याखाली जातात आणि पक्षी दुसरीकडे हलतात.

जागा सांगताना उजवीकडे-डावीकडे टाळावे. बोलणारा समुद्राकडे तोंड करून उभा होता की पाठ करून, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आपला समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे उत्तर-दक्षिण लिहिणे सोपे पडते. भाट्ये पूल, सुरूचे बन, दक्षिण टोकाचे झरी विनायक मंदिर या सर्वांना ठाऊक असलेल्या खुणा आहेत; त्यांपासूनचे अंतर द्यावे.

संख्या मोजलेली आहे की अंदाजाची, हे वेगळे सांगावे. ओळखीबाबत तर आपला निष्कर्ष आणि आपण प्रत्यक्ष पाहिलेल्या खुणा स्वतंत्र लिहाव्यात: "ग्रेट नॉट दिसला" याऐवजी चोच डोक्याच्या मानाने किती लांब होती, ठिपके छातीवर कुठवर उतरले होते, शेजारच्या सँड प्लोव्हर या लहान चिखलपक्ष्याच्या तुलनेत आकार केवढा होता, अंतर किती होते आणि ऊन कोणत्या बाजूने होते, हे लिहिले तर पक्षी पुन्हा दिसला नाही तरी त्या नोंदीवर कोणाला विचार करता येतो. सँड प्लोव्हरबद्दलही सावध राहावे. पूर्वीच्या लेसर सँड प्लोव्हरच्या अलीकडे सैबेरियन आणि तिबेटी अशा दोन स्वतंत्र जाती मानल्या जाऊ लागल्या आहेत, आणि दूरवरच्या राखाडी हिवाळी पिसाऱ्यात ग्रेटर सँड प्लोव्हरसुद्धा भल्याभल्यांना चकवतो. "सँड प्लोव्हर, जात निश्चित नाही" असे लिहिण्यात कमीपणा नाही. पायात कडी किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग, अक्षरे, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, हे सर्व टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.

एक विनंती नोंदीच्या शेवटी नेहमी जोडावी: भरतीला विसावलेला थवा उठवू नये. उडत्या थव्याचे छायाचित्र मिळावे म्हणून पुळणीवर धावत जाणारे लोक आपण सर्वांनी पाहिले आहेत. एप्रिलच्या सुमारास हे पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, आणि प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते.


उत्तर: कलमबाग (देवगड)

मी बागायतदार आहे आणि पक्षीही पाहतो, म्हणून गडग्याच्या दोन्ही बाजूंनी बोलतो. वरील उत्तरात पक्ष्याचा विचार उत्तम झाला आहे, पण ज्याच्या आगरात ते झाड आहे त्या माणसाचे नाव अजून कोणी काढले नाही.

कोकणात मोकळी दिसणारी जागा बहुधा कोणाची तरी असते. मोहोर आल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेत राखण असते, कुत्री सोडलेली असतात, फवारणी चालू असते. अशा वेळी गळ्यात दुर्बीण घातलेला अनोळखी माणूस कुंपणापाशी रेंगाळताना दिसला तर राखण्याने त्याला हटकणे स्वाभाविक आहे. त्या माणसाने मग "गटावर ठिकाण आले होते" असे उत्तर दिले, तर मालकाचा राग त्याच्यावर कमी आणि ठिकाण देणाऱ्यावर अधिक निघतो. म्हणून खाजगी जागेतील कोणताही पक्षी, मग तो घरट्यावर असो वा नसो, मालकाला विचारल्याशिवाय जाहीर करू नये. विचारणे अवघड नसते. खळ्यात बसून चहा घेता घेता विषय काढला की बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात, आणि वरून त्या पक्ष्याबद्दल आपल्याला ठाऊक नसलेले चार शब्द सांगतात.

गरुडाच्या झाडाचा प्रश्न आणखी नाजूक असतो. घरट्याखाली माशांचे काटे आणि समुद्रसापांची हाडे पडतात. झाड विहिरीवर किंवा अंगणावर झुकलेले असले तर घरातल्यांना त्याचा खरोखर त्रास होतो. मालक तो त्रास काढत असतो आणि वर बाहेरगावच्या गाड्या वाडीत येऊन उभ्या राहू लागल्या, तर एके दिवशी झाडच तोडले जाते. इतकी साधी गोष्ट छायाचित्रकारांच्या ध्यानात का येत नाही, हे मला उमगलेले नाही.

जागेच्या नावाबद्दलही सांगतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दिसलेल्या पक्ष्यांची यादी भरताना काही जण स्वतःच्या ठिकाणाला "अमुकांचे आगर" किंवा "अमुकांची वाडी" असे मालकाचे नाव देतात, आणि ते नाव यादी उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसते. गावाचे नाव पुरते. तसेच फोनवर काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असू शकतात; व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवल्यास ते निघून जातात, पण स्पष्ट दिसावे म्हणून तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर आत जसेच्या तसे राहतात.


उत्तर: वाऱ्याची दिशा (वेंगुर्ला)

दोन्ही उत्तरे पटतात, परंतु त्यांतून "गप्प बसावे" असा अर्थ कोणी काढू नये, म्हणून थोडा विरोध नोंदवतो. ठिकाण जाहीर न करणे वेगळे आणि नोंदच न करणे वेगळे. ज्या घरट्याची कुठेच नोंद नाही, ते झाड रस्तारुंदीत किंवा रिसॉर्टसाठी पडले तर तिथे काही होते हे सांगायलाही कोणी उरत नाही. गुप्ततेचा अतिरेक करणारे काही निरीक्षक, स्पष्ट सांगायचे तर, पक्ष्याच्या काळजीपोटी तसे करत नाहीत. ठिकाण फक्त आपल्याला ठाऊक असावे हाच त्यांचा आनंद असतो.

मधला मार्ग उपलब्ध आहे. ईबर्डवर संवेदनशील ठरवलेल्या जातींचे ठिकाण आपोआप झाकले जाते आणि इतरांना ती नोंद सुमारे ४०० चौरस किलोमीटरच्या चौकोनापुरतीच दिसते. मात्र त्या यादीत नसलेला पक्षी आपल्या गावात घरटे करत असला, तर ती काळजी आपणच घ्यायची असते: यादी सार्वजनिक पानांवरून लपवण्याची सोय आहे, किंवा पिल्ले उडून गेल्यावर काही महिन्यांनी ती भरता येते. समुद्री गरुडाची अंडी उबवण्यात साधारण सहा आठवडे जातात आणि पिल्लू घरट्याबाहेर पडायला त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या घरट्याची यादी पावसाळ्यात भरली तरी विज्ञानाचे काही बिघडत नाही. गरुड तिथे पुढच्या वर्षी परत येणार हे लक्षात घेऊन तेव्हाही ठिकाण ढोबळच ठेवावे.

दुसरे असे, की सांगायचे कोणाला, हा प्रश्न "सर्वांना की कोणालाच नाही" एवढ्यावर संपत नाही. झाडाच्या मालकाला, गावातील दोन जाणत्या माणसांना आणि गरज पडल्यास वनखात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्याला सांगणे हे गटावर टाकण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते. वेलासला कासवांची घरटी टिकली ती चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तिथल्या गावकऱ्यांना सोबत घेऊन काम केले म्हणून. याच संस्थेमुळे वेंगुर्ला रॉक्स या समुद्रातील बेटावरच्या गुहेतल्या पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरटी तोड उजेडात आली. त्या बेटाचे उदाहरण मला दोन्ही बाजूंनी बोलके वाटते: ज्यांना घरटी विकायची होती त्यांना ठिकाण आधीपासून पक्के ठाऊक होते आणि ज्यांनी राखायला हवे होते त्यांना मात्र ते ठाऊक नव्हते.

कायद्याचा आधारही हाताशी असावा. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तीत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणेही येते, आणि समुद्री गरुड पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. घरट्यासमोर गर्दी करणाऱ्याला हे शांतपणे सांगितले तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.


प्रश्नकर्त्याचे उत्तर: खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांचे मनापासून आभार. गरुडांबद्दल गटावर काहीही लिहिणार नाही. आगराच्या मालकांना या आठवड्यात भेटतो. ग्रेट नॉटची नोंद पुढीलप्रमाणे लिहिली आहे, ती पाहून सुधारणा सुचवाव्यात:

"भाट्ये, काजळी नदीच्या मुखाची दक्षिण बाजू, सुरूच्या बनासमोरची पुळण. रविवार, सकाळी ७.४० ते ८.१५. पूर्ण भरतीच्या सुमारे एक तास आधी. सँड प्लोव्हर अंदाजे १२०, जात निश्चित नाही. कालवफोड्या ६, मोजलेले. थव्याच्या उत्तर टोकाला एक मोठा चिखलपक्षी: आकाराने सँड प्लोव्हरच्या दीडपट, चोच डोक्याहून किंचित लांब व टोकाशी बारीक, छातीवर दाट गडद ठिपके, पोट पांढरे. ग्रेट नॉट असावा. अंतर साधारण ७० मीटर, ऊन पाठीमागून. छायाचित्र अस्पष्ट आहे, तरी जोडले आहे. पुळण सार्वजनिक आहे. गाडी रस्त्यालगत लावता येते. थवा विसावलेला असताना बनाच्या सावलीतूनच पाहावे, ही विनंती."

एक शंका उरते. अशी नोंद दिल्यावर गटातील कोणी ती दुसऱ्या, मोठ्या गटात पाठवली, किंवा उद्या कोणी दुसऱ्यानेच त्या गरुडांचे झाड जाहीर केले, तर काय करावे? आणि माझ्या ओळखीवर कोणी सर्वांसमक्ष शंका घेतली तर उत्तर कसे द्यावे?


उत्तर: सुरूबन (दापोली)

नोंद उत्तम झाली आहे. फक्त तारीख घालावी, कारण पुढे ढकललेल्या संदेशात "रविवार" कोणता हे चार दिवसांनी कोणालाच सांगता येत नाही. त्याच्याशी मिळताजुळता रेड नॉट का नाही, याबद्दलही एक वाक्य जोडावे. तो आकाराने लहान, आखूड चोचीचा आणि छातीवर इतका गडद नसतो.

दुसऱ्याची नोंद त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये हा संकेत आपल्या गटात प्रशासकाने एकदा लिहून ठेवावा, म्हणजे प्रत्येक वेळी कोणाला तरी वाईटपणा घ्यावा लागत नाही. विचारून पाठवतानाही प्रथम कोणी पाहिले त्याचा उल्लेख असावा. गरुडांचे झाड कोणी जाहीर केले तर त्या व्यक्तीला आधी खाजगीत लिहावे. बहुतेक लोक उत्साहाच्या भरात तसे करतात आणि कारण कळले की स्वतःहून संदेश काढून टाकतात. नाही काढला तर प्रशासकाला तो सर्वांसाठी काढता येतो. गटावर जाहीर खरडपट्टी काढल्याने ज्यांनी तो संदेश पाहिला नव्हता तेही तो शोधून पाहतात.

आपल्या नोंदीवरून जे भाट्येला जातील त्यांनीही परत कळवावे अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. "गेलो होतो, पक्षी दिसला नाही" ही नोंद वेळ आणि भरतीच्या स्थितीसह आली तर ती दिसल्याच्या नोंदीइतकीच उपयोगी असते, पण आपल्याकडे ती लिहिण्याची पद्धत नाही.


उत्तर: वाऱ्याची दिशा (वेंगुर्ला)

ओळखीवरच्या शंकेबद्दल: शंका घेणाऱ्याने "चुकीचे आहे" असे न म्हणता "कोणत्या खुणेवरून ठरवलेत?" असे विचारावे, आणि नोंद देणाऱ्याने तो प्रश्न अपमान समजू नये. ईबर्डवर त्या जिल्ह्यासाठी असामान्य नोंद आली की तिथले परीक्षक हाच प्रश्न ईमेलने विचारतात आणि तोही नवख्या-जुन्या सर्वांना सारखाच. आपण खुणा आधीच लिहिलेल्या असल्याने आपले उत्तर तयार आहे. छायाचित्र अस्पष्ट असले तरी मूळ आकारात जपून ठेवावे, कापून किंवा उजळ करून नव्हे. चोचीच्या आणि डोक्याच्या लांबीचे प्रमाण बहुधा त्यातूनही मोजता येते.